समान गुण आले की क्रमांकाचं काय करायचं?

एक्सेलमध्ये गुणांची यादी उतरत्या क्रमाने लावायची आणि शेजारी १, २, ३ ओढून टाकायचे, ही सोपी पद्धत लवकर फसते. एकाचे गुण बदलले की सगळं पुन्हा करा. शिवाय समान गुणांच्या दोघांना वेगळे क्रमांक गेलेत, हे पटकन ध्यानातही येत नाही.

समजा, ए कॉलममध्ये नावं, बीमध्ये गुण, सीमध्ये दुसऱ्या फेरीचे गुण. ओळी २ ते ४१. डी२ मध्ये लिहा (टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि आकडे):

=रँक(बी२,बी$२:बी$४१,०)

शेवटचं ० म्हणजे जास्त गुणांना पहिला क्रमांक. शर्यतीच्या वेळेसारखं कमी असलेलं पुढे हवं, तर तिथे १. डॉलर विसरलात तर फॉर्म्युला खाली ओढताना रेंजही (ज्यांच्याशी तुलना होते तो सेलचा पट्टा) सरकते, तिसऱ्या ओळीत बी३:बी४२ होते आणि वरचा स्पर्धक तुलनेतून गळतो. एरर काही येत नाही. शेवटच्या ओळीतला माणूस पहिला आलेला दिसला, तर आधी डॉलर तपासा.

आता समान गुण. साधं रँक १, २, २, ४ असं देतं. बहुतेक स्पर्धांना हेच योग्य. एक्सेल २०१० पासून असलेलं रँक.एव्हीजी त्या दोघांना प्रत्येकी २.५ देतं, ते संख्याशास्त्रात ठीक, प्रमाणपत्रावर नाही. १, २, २, ३ हवं असेल तर:

=समप्रॉडक्ट((बी$२:बी$४१>बी२)/काउंटइफ(बी$२:बी$४१,बी$२:बी$४१&""))+१

शेवटचं &"" गाळलं आणि मध्ये एखादा सेल रिकामा असला, तर शून्याने भागाकाराची एरर येते.

रँकच्या पुढे +काउंटइफ(बी$२:बी२,बी२)-१ जोडायची युक्ती सर्रास सांगितली जाते. क्रमांक वेगवेगळे मिळतात खरे, पण यादीत जो वर तो पुढे. नावं वर्णानुक्रमे असतील तर ‘अ’वाल्यांची चांदी! बक्षिसांसाठी हे वापरू नका. बरोबरी नियमाने फोडा, म्हणजे दुसऱ्या फेरीत जास्त गुण असलेला पुढे:

=रँक(बी२,बी$२:बी$४१,०)+काउंटइफ्स(बी$२:बी$४१,बी२,सी$२:सी$४१,">"&सी२)

गैरहजरांचे सेल रिकामे असतात, आणि रँक रिकाम्या सेलला ० समजतं. कोणालाच ० गुण नसतील तर एरर दिसते, म्हणजे निदान कळतं तरी. पण कोणी खरोखर ० मिळवले असतील, तर गैरहजरालाही त्याचाच क्रमांक मिळतो. म्हणून सगळा फॉर्म्युला =इफ(बी२="","",…) मध्ये गुंडाळा. दुसरीकडून कॉपी केलेले आकडे कधी मजकूर म्हणून येतात. ते सहसा सेलच्या डावीकडे चिकटलेले दिसतात आणि रँक त्यांना मोजत नाही. व्हॅल्यू फंक्शनने आधी त्यांची संख्या करून घ्या.

गुण सरासरीने काढलेले असतील तर आणखी एक भानगड: दोन्हीकडे ८२.३३ दिसतं, क्रमांक मात्र वेगळे. आत दशांशात कुठेतरी फरक असतो, आणि सेलचं फॉरमॅट बदलून तो जात नाही. सरासरीच्या कॉलममध्येच राउंड(…,२) लावा. रँकच्या आत लावून चालत नाही, कारण त्याला तुलनेसाठी सेलची खरी रेंजच लागते.