ट्रे कुठे ठेवू?

सोमवार, रात्री साडेदहा

उद्या संध्याकाळी पाचला ॲडमिट व्हायचंय. 40 आठवडे आणि 5 दिवस भरले, कळांचा पत्ता नाही, आणि आजच्या सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी थोडं कमी दिसलं. डॉक्टर म्हणाल्या, आता थांबायला नको, जेल लावून कळा आणू. आईनं दवाखान्याच्या पायरीवरूनच मावशीला फोन लावला, “अगो, तारीख उलटून गेली ना, म्हणून उद्या दाखल करतायत.” तारीख उलटून गेली. नुसता तो शब्द कानावर पडला आणि माझ्या पोटात गोळा आला.

कळांची भीती नाही मला. टाक्यांची नाही, सिझरचीही नाही. गेले नऊ महिने या वहीत मी फक्त ‘ते’ असं लिहीत आलेय. ते झालं तर? लेबर रूममध्ये सगळ्यांसमोर ते झालं तर? समुपदेशक ताईंनी सांगितलंय, ॲडमिट व्हायच्या आधी तो शब्द स्वतःच्या हातानं लिही. तर लिहिते.

उलटी. उलटी. उलटी. मला उलटीची भीती वाटते.

पेन घामानं निसटतंय, पण लिहिलं.

मंगळवार, दुपारी

बॅग भरून झाली. आई आत भात लावतेय. चार तास हातात आहेत, म्हणून सुरुवातीपासून लिहिते.

आठ वर्षांची असेन. मे महिना, चिपळूण-पुणे एसटी. पोफळी मागे पडलं की कुंभार्ली घाट सुरू होतो. आईनं घरून निघतानाच अर्धी ॲव्होमिन दिली होती, खिडकीची जागा होती, हातात हुंगायला लिंबू होतं. तरी तिसऱ्या-चौथ्या वळणावर शेजारच्या सीटवरच्या बाईंना झाली आणि पाठोपाठ मला. खिडकी अडकलेली, उघडेना. नवा फ्रॉक, पायाशी खाऊची पिशवी, आणि डिझेलचा तो वास. कुणीही रागावलं नाही. आईनं माझं कपाळ तळहातानं धरून ठेवलं होतं. पण पुढे कऱ्हाड येईपर्यंत मी ओल्या फ्रॉकमध्ये थरथरत बसले होते, आणि परत तसं होणार, आत्ता होणार, या वळणावर होणार, एवढंच डोक्यात चालू होतं. ते चालूच राहिलं.

शेवटची उलटी 2008 च्या गणपतीत, गौरी जेवल्या त्या रात्री. तेव्हापासून एकही नाही. लोकांना वाटेल की चांगलंच आहे की मग. पण ती न होऊ देण्यासाठी मी काय काय केलं ते माझं मलाच ठाऊक. कधी पोटभर जेवले नाही. दुधाचा तीन-तीनदा वास घेतला. लग्नाच्या पंगतीत वरण-भाताच्या पुढे गेले नाही. ऑफिसात कुणी “मळमळतंय गं” म्हणालं की मी त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचं बाथरूम वापरायचे. आणि सहा वर्षं मूल होऊ दिलं नाही. सासरी सगळ्यांना वाटायचं आमचं काहीतरी औषधपाणी चालू आहे. नवऱ्याला खरं कारण लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “एवढं एकटीनं कशाला वागवत बसलीस?”

या भीतीला इमेटोफोबिया म्हणतात हे मला पाचव्या महिन्यात कळलं. त्याआधी एका डॉक्टरांना सांगून बघितलं होतं. पहिले तीन महिने रात्री मळमळीची गोळी डॉक्सिनेट, पहाटे अंथरुणातच मूठभर चुरमुरे, असं करून मी एकही उलटी होऊ दिली नव्हती, पण मळमळ अखंड होती आणि मी झोपत नव्हते. ते हसले. म्हणाले, “बायका बाळंतपणाला घाबरतात, तुमचं काहीतरी वेगळंच!” मी फाईल उचलून बाहेर आले. ते हसू मला अजून लागतं. माहेरी बाळंतपणाला यायचं ठरलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, त्याचं अर्धं कारण ते होतं.

समुपदेशक ताई व्हिडिओ कॉलवर भेटतात. त्यांनी पायरीपायरीनं घेतलं. आधी शब्द बोलायचा. मग चित्र बघायचं. मग आवाज ऐकायचा, पहिल्यांदा दहा सेकंद, मग वीस. सातव्या महिन्यात त्यांनी सांगितलं की पातळ खिचडी तोंडात घ्यायची, बेसिनवर वाकायचं आणि ती तोंडातून टाकायची. पहिल्या दिवशी मी घास घेऊन अर्धा तास नुसती उभी होते. पाचव्या दिवशी टाकली. त्या म्हणतात, उलटी काही सेकंदांची असते, तुम्ही घाबरता ते तिच्या आधीच्या तासांना. आणि ते तास दर वेळी तुम्हीच वाढवता. मला हे पटतं. पटलं म्हणून भीती गेली असं मात्र नाही.

मंगळवार, रात्री पावणेअकरा. दवाखाना

ॲडमिट झाले. आठ वाजता जेल लावली. अर्धा तास हलायचं नव्हतं. पोटाला बाळाचे ठोके टिपणारा एनएसटीचा पट्टा, खोलीभर बाळाच्या ठोक्यांचा घोडा दौडतोय.

डॉक्टरांना मी काहीही न लपवता विचारलं की यानं उलटी होईल का. त्यांनी खुर्ची ओढली आणि नीट सांगितलं. जेलमध्ये प्रोस्टाग्लँडिन असतं. ते गर्भपिशवीचं तोंड मऊ करतं, तिचे स्नायू आवळायला लावतं, पण पोट-आतडंही त्याच जातीच्या स्नायूंचं, त्यामुळे काहींना मळमळतं, उलटी-जुलाब होतात. शिवाय कळा सुरू झाल्या की पोटातलं अन्न पुढे सरकायचं मंदावतं. आणि शेवटी, तोंड सात-आठ सेंटिमीटर उघडलं की बऱ्याच जणींना होतेच. “होणार नाही असं मी सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण औषध आहे. आधीच देऊ, मळमळ वाढायची वाट बघायची नाही.” ऑन्डॅन्सेट्रॉन. आतड्यातून मेंदूकडे मळमळीचा निरोप नेणारं सेरोटोनिन जिथे चिकटतं ती जागा ते अडवून धरतं. मी हे वाक्य पाठ करून ठेवलंय.

मी एक कागद लिहून आणला होता. ताईंनीच सुचवलं होतं. त्यात एवढंच: मला उलटीची खूप भीती आहे. मळमळ होतेय म्हटलं तर लगेच औषध द्या. ‘होऊ दे, बरं वाटेल’ म्हणू नका. शेजारच्या बाईला होत असेल तर मधला पडदा ओढा. झाली तर माझ्याशी बोलत राहा. कागद सिस्टरच्या हातात देताना माझे कान गरम झाले होते. पन्नाशीच्या आहेत, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी उभ्याउभ्या सगळा वाचला, घडी न घालता केसपेपरला टाचला. मग विचारलं,

“ट्रे कुठे ठेवू? दिसेल असा, का दिसणार नाही असा?”

मला रडूच आलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. काय घाबरतेस, सगळ्यांना होते, मनावर घेऊ नकोस, हे सगळं ऐकलंय. ट्रे कुठे ठेवू हे नाही. मी म्हटलं, डाव्या हाताशी, पण झाकून. त्यांनी स्टीलचा तो राजम्याच्या दाण्यासारख्या आकाराचा ट्रे स्टुलावर ठेवला आणि वर हिरवं फडकं टाकलं. आत्ता लिहिताना तो मला दिसतोय. फडक्याला एका कोपऱ्यात धोब्याची खूण आहे, लाल धाग्याची.

बुधवारचं, शुक्रवारी लिहितेय

रात्री दोन वाजता दुसऱ्यांदा जेल लावली. पहाटेपासून कंबर दुखायला लागली, मग ते दुखणं पुढे ओटीपोटात येऊन आवळायला लागलं. सकाळी सातला पाणी फोडलं आणि कळा वाढवायला ऑक्सिटोसिनचं सलाईन लावलं. दर अर्ध्या तासानं सिस्टर थेंब वाढवायच्या. कळा चढत गेल्या.

मी आदल्या रात्रीपासून घोटभर पाण्याशिवाय काहीच घेतलं नव्हतं. पोटात नसेल तर बाहेर काय येणार, हे माझं जुनं गणित. ते चुकीचं निघालं. नऊ वाजता लघवीत कीटोन आले, म्हणजे शरीर उपाशी असल्याची खूण. सिस्टर म्हणाल्या, “ताई, उपाशी पोटी जास्त मळमळतं. चमच्याचमच्यानं घ्या.” आई उशाशी बसून शहाळ्याचं पाणी एकेक चमचा पाजत होती, अगदी मी तान्ही असल्यासारखं. मध्येच लिंबू-सरबत. डॉक्टरांचंही म्हणणं होतं की जोखीम नसलेल्या बाईला कळांमध्ये खाऊ-पिऊ द्यावं. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2018 मध्ये तशीच शिफारस केली आहे.

अकराच्या सुमाराला, पाच सेंटिमीटर असताना, दुखणं कमी करायला ट्रॅमाडॉलचं इंजेक्शन हवं का म्हणून विचारलं. मी पहिलं काय विचारलं असेल? “त्यानं मळमळतं का?” काहींना मळमळतं, म्हणाल्या. मी नको म्हटलं. पुढचा सगळा तास मी दात आवळून काढला, पलंगाची कड धरून. डॉक्टर परत आल्या आणि त्यांनी सरळ विचारलं, “इंजेक्शन नकोच आहे, का उलटीच्या भीतीनं नको म्हणतेस?” मला खोटं बोलता आलं नाही. त्यांनी आधी ऑन्डॅन्सेट्रॉन शिरेतून हळूहळू दिलं, 4 मिलिग्रॅम. पंधरा मिनिटांनी दुसरं. तो फुकट सोसलेला एक तास मात्र मला सलतो. असं कुणा बाईनं करू नये असं फार वाटतं.

दुपारी अडीच. सात-आठ सेंटिमीटर. अंगाला कंप सुटला, तळपाय गार पडले, आणि तोंडात एकदम पाणी सुटलं. ते पाणी मी ओळखते. घाटातलं पाणी ते. मी “सिस्टर” एवढंच म्हणाले. त्यांनी काही विचारलं नाही. फडकं उचललं, ट्रे हनुवटीखाली धरला. स्टीलची कड गार लागली. आणि आईचा तळहात माझ्या कपाळावर आला. तीच पकड. अंगठा भुवईच्या वर, बोटं केसांत.

झाली. सोळा वर्षांहून जास्त काळ जिची वाट अडवून बसले होते ती झाली. लिंबाचं आंबट पाणी, बास. सिस्टर माझ्या कागदातलं वाक्य अक्षरशः पाळत बोलत होत्या, “श्वास सोडा ताई, मी आहे, संपत आलं, संपलं.” आणि खरंच संपलं. मी मनात मोजायला लागले होते, चारपर्यंत पोचले. आईनं ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, चूळ भरायला दिली. मी भीती वाटायची वाट बघत होते. तेवढ्यात कळ आली, एवढी मोठी की बाकी कशाला जागाच उरली नाही. तिच्या पलीकडे गेल्यावर लक्षात आलं, मळमळ गेली होती. कोपऱ्यातल्या आयाबाई म्हणाल्या, “ओकारी आली ना, आता मोकळी होशील पोरी.” बरं वाटेल म्हणू नका असं मी लिहून दिलं होतं, पण या बोलण्याचा राग नाही आला.

तीनला परत झाली. त्या वेळी ट्रे मीच ओढून घेतला.

4 वाजून 20 मिनिटांनी मुलगी. 2 किलो 900. रडली, आणि मग माझ्या छातीवर ठेवल्यावर एकदम थांबली. केस भरपूर, कपाळ आईसारखं.

रविवार, घरी

काल घरी आलो. काल संध्याकाळी लेकीनं पाजल्यावर खांद्यावर दूध काढलं. मी तिला आईकडे दिलं आणि बाथरूममध्ये जाऊन बसले. हात कापत होते. लेबर रूममध्ये झालं ते तिथेच संपलं असं मी धरून चालले होते, तसं झालेलं नाही. ताईंना कळवलं. त्या म्हणाल्या, हे होणारच होतं, पुढच्या बुधवारी बोलू. आज सकाळी परत काढलं तेव्हा मी तिला खाली ठेवलं नाही. पुसलं. तोंड दुसरीकडे फिरवून, पण पुसलं.

आईनं दुपारी मेथीची भाजी, भाकरी आणि वर अळिवाची खीर दिली. दुसरी वाटी मागितली तेव्हा ती दारात थांबून बघत राहिली. मी घरात दुसरी वाटी मागितलेली तिला आठवत नाही म्हणाली.

त्या सिस्टरांना पेढे द्यायला नवरा गेला होता. त्यांनी माझा कागद परत पाठवलाय, टाचणीचं भोक पडलेला. मागच्या बाजूला त्यांनी बॉलपेननं विचारलंय की याची प्रत काढून वॉर्डात ठेवली तर चालेल का. चालेल म्हणून कळवलं.

सव्वा महिन्यानं पुण्याला जायचंय. नवरा विचारत होता, कुठून जाऊ या? मी म्हटलं, कुंभार्लीतून. सकाळी लवकर निघायचं, पोफळीला थांबून तिला पाजायचं नाही, पाजायचं ते घाट चढून गेल्यावर. मी पुढे बसणार, काच उघडी. आई मागे, तिच्याजवळ. टॉवेल दोन घ्यायचेत. एक तिच्यासाठी, एक माझ्यासाठी. माझा डाव्या हाताशी ठेवायला सांगितलाय, न झाकता.