४७ की १३१? चोकचा तिढा अखेर सुटला

सापडलं! टर्कीच्या शिकारीच्या बंदुकीला चोक (नळीच्या तोंडाशी बसवायचा, छर्ऱ्यांचा झोत आवळणारा तुकडा) निवडताना तीन शनिवार आणि तीन चोक खर्ची पडल्यावर काल संध्याकाळी खरी गोम सापडली, आणि ती चोकमध्ये नव्हतीच.

गेल्या वेळी लिहिलं तेव्हा माझी सगळी भिस्त ०.६४०च्या चोकवर होती (आकडा आतल्या व्यासाचा, इंचांत). मांडणी तीच: मोसबर्ग ५०० शॉटगन, बारा बोर, नळी माझ्या मापाने ०.७३०. काडतूस विन्चेस्टर लाँग बिअर्ड, तीन इंची, पाच नंबर, पावणेदोन औंस, म्हणजे जवळपास तीनशे छर्रे. कारखान्याच्या फुल चोकने (०.६९५) ४० यार्डांवर दहा इंची वर्तुळात ४४ छर्रे दिले होते. आपण सगळे धरतो त्या शंभराच्या निम्मेसुद्धा नाहीत. टर्कीचं डोकं आणि मानेचे मणके एवढंच आपलं लक्ष्य. अंगावर मारलं तर पिसं आणि पंखांची हाडं छर्रे अडवतात आणि पक्षी जखमी होऊन झाडीत जातो. तो विचारही मला सहन होत नाही, म्हणून शंभराच्या खाली मी समाधान मानणार नाही. मग ०.६६५ लावला: ४७. मग ०.६४०: ३९. प्रत्येकी तीन बारांची सरासरी. चोक आवळला आणि आकडा चक्क घसरला.

०.६४० हातात यायलाच दोन आठवडे गेले, तेही सांगतो. ऑनलाइन दुकानाने ‘मोसबर्गला बसतो’ म्हणून आधी ८३५चा, म्हणजे मोसबर्गच्याच दुसऱ्या मॉडेलचा, चोक पाठवला. ५०० आणि ८३५चे आटे वेगळे आणि नळीही वेगळी, ८३५ची ०.७७५. ‘६६५ चांगला का?’ असं विचारणाऱ्यांनी म्हणूनच आधी आपली नळी सांगावी. माझ्या नळीत ६६५ म्हणजे ६५ थाऊचा (हजारांश इंचांचा) आवळ, ८३५मध्ये तोच आकडा म्हणजे ११०. नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

तर काल. बार काढलेले नऊ खाकी कागद टेबलावर पडले होते. गुंडाळून ठेवायच्या आधी सहज तीन घेतले, प्रत्येक चोकचा एक, एकावर एक रचले आणि मागच्या अंगणाच्या काचेच्या दाराला चिकटवले. ऊन पलीकडून येत होतं. तिन्ही कागदांच्या भोकांतून झिरपणारा उजेड फक्त एका जागी दाट दिसत होता, एखाद्या चाळणीसारखा, आणि ती जागा मी काढलेल्या वर्तुळात नव्हती. नेमाच्या ठिपक्यापासून साधारण सहा इंच वर, चार इंच डावीकडे. तिन्ही चोक त्याच एका कोपऱ्यात मारत होते.

पुठ्ठ्याचं दहा इंची वर्तुळ कापलं होतंच. ते सरकवून दाट भागावर ठेवलं, लाल स्केचपेनने भोकं पुन्हा मोजली, दर दहाला एक रेघ. ०.६९५: १०८. ०.६६५: १३१. ०.६४०: १०४. रात्री साडेअकराला मी स्वयंपाकघरात उभा राहून एकटाच हसत होतो.

म्हणजे मी तीन आठवडे दोन प्रश्न एकात कालवले होते. छर्रे किती दाट पडतात, हा चोकचा आणि काडतुसाचा प्रश्न. ते कुठे पडतात, हा बंदुकीचा आणि मारणाऱ्याचा. वर्तुळ नेमावर काढून मोजलं की दोन्हींची खिचडी होते. यापुढे प्रत्येक कागदावर मी दोन्ही वर्तुळं काढणार, आणि तुम्हीही काढाच.

०.६४० का पडला, हेही आता नीट दिसतं. शिशाचे छर्रे त्या अरुंद भागातून जाताना एकमेकांवर दाबले जाऊन चपटे होतात, आणि चपटा छर्रा सरळ जात नाही. त्या कागदांच्या कडांना सुटी भोकं जास्त आहेत. आवळ वाढवला की फायदा एका मर्यादेपर्यंतच मिळतो, आणि माझ्या नळी-काडतुसाची मर्यादा ६६५च्या आसपास आहे. ०.६५० मागवायचा विचार होता, तो रद्द.

मग वर आणि डावीकडे का? साध्या शॉटगनला मागची साईट नसते, ती जागा डोळा भरून काढतो. उजव्या खांद्यावरून मारताना गाल कुंद्यावरून उचलला की डोळा वर आणि डावीकडे सरकतो, आणि माराही त्याच बाजूला जातो. माझ्या डोळ्यापासून माशीपर्यंत (नळीच्या टोकावरच्या मण्यापर्यंत) ३५ इंच. तिथून हिशोब केला तर ४० यार्डांवरच्या सहा इंचांना डोळा चार मिलिमीटरसुद्धा वर जावा लागत नाही. आजोबांकडे शेताच्या राखणीची बारा बोर होती. ते ‘माशी दिसू दे, पट्टी दिसू नको दे’ म्हणायचे, आणि मी मात्र तीन इंची काडतुसाच्या धक्क्याच्या धास्तीने गाल वर धरून नळीवरची पूर्ण पट्टी बघत होतो.

गेल्या मेमध्ये १८ यार्डांवरून हुकलेला तो टॉम (नर टर्की) आठवतोय ना, ज्याच्यावर मी दोन पानं लिहिली होती? १८ यार्डांवर हीच चूक तीन इंचांची होते. तेव्हाही घट्ट चोक होता, तेवढ्यावर छर्ऱ्यांचा गाभा जेमतेम मुठीएवढा. तो डोक्याच्या वरून गेला. वर्षभर मी डिकॉयच्या (खोट्या टर्कीच्या) जागेला दोष देत होतो.

आज सकाळी उसन्या रेड डॉटसह (नेमासाठी लाल ठिपका दाखवणाऱ्या साईटसह) शेजाऱ्यांच्या शेतावर गेलो. ५००च्या रिसिव्हरला (नळीमागच्या धातूच्या भागाला) वर भोकं आणि आटे तयार असतात, डॉटची बैठक बसवायला दहा मिनिटं लागली. डॉट जुळवला आणि ०.६६५ने तीन बार काढले. नेमावरच्या वर्तुळात १२८, १३४, १२६. शेवटचा कागद मी घडी न घालता गाडीत आडवा ठेवून आणला.

पोर्ट केलेल्या, म्हणजे बाजूला भोकं असलेल्या, चोकबद्दल काहींनी विचारलंय. माझं मत बदललेलं नाही: आवाज वाढतो, भोकांत वॉडचं (छर्रे धरणाऱ्या पेल्याचं) प्लॅस्टिक साचतं, आणि ज्यांचा वॉड मागून उघडतो त्या काडतुसांना साधा चोकच बरा.

पुढचा बेत २० बोरचा होता. टंगस्टनचे नऊ नंबर छर्रे, दीड औंसात पाचशेच्या वर, घनता १८, शिशाची ११. ०.६१५ची नळी आणि ०.५५५ ते ०.५७०मधला चोक. मन अजून तिकडे आहे, पण एकेका काडतुसाला दहा डॉलरच्या आसपास मोजायचे तर आधी गाल जागेवर हवा. आणि हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की आजचे तिन्ही बार मी बाकावर बसून, बंदूक पिशवीवर टेकवून काढलेत. तो टॉम आला तेव्हा मी झाडाला पाठ लावून, गुडघ्यावर नळी ठेवून, कंबरेतून उजवीकडे वळलेला होतो. तशा बसण्यात गाल कुठे जातो, हे एकाही कागदावर नाही.

म्हणून २० बोर पुढच्या वर्षी. पेन्सिल्वेनियाचा वसंत हंगाम उघडायला पाच आठवडे आहेत. येत्या शनिवारी १८ यार्ड, ओकच्या बुंध्याला टेकून, डावीकडे वळून दोन, समोर दोन, उजवीकडे वळून दोन. कुंद्यावर गालासाठी उंचवटाही बांधतोय, कारण डॉटमुळे नजरेची रेषा आणखी वर गेली आहे. सहाही कागदांवर दोन्ही वर्तुळांचे आकडे देईन.