तीन बोटं माया

लंडनमध्ये जुन्या काळातले पोशाख भाड्याने देण्याचा धंदा फार जुना आहे. एंजल्स हे नाव तर १८४० पासूनचं. आमचं गोदाम त्यामानाने लहान. तिथे मी दुरुस्तीच्या टेबलावर बसते.

त्या सकाळी एका कादंबरीच्या मुखपृष्ठासाठी मागणी आली. कथा १८१३ ची, झगा निळा, फोटो पाठमोरा, पाच वाजता गाडी न्यायला येणार. रेशमी झगा खाली काढला आणि धस्सच झालं. मागच्या मालिकेसाठी त्याची कंबर खाली उतरवलेली होती! १८१३ मध्ये इंग्लंडमधल्या झग्यांची कंबर छातीच्या लगेच खाली असे. ती उतरू लागली १८२० नंतर. मुखपृष्ठावर एवढं कोण बघतंय, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. वाचक पुस्तकात शिरतो तो त्या झग्यामागूनच.

उसवायला घेतला. आत नावांच्या तीन पट्ट्या, एकीवर एक टाचलेल्या. तीन अभिनेत्री, तीन चित्रीकरणं. शिवण उघडली तर आतलं कापड शाईसारखं गडद. बाहेरचा रंग किती विटलाय ते तेव्हा कळलं. ज्याने कुणी हा झगा पहिल्यांदा शिवला, त्याने वरच्या अंगाला तब्बल तीन बोटं माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड, ठेवली होती. त्या अनोळखी हातांबद्दल मला फार आपुलकी वाटली.

एखाद्या मालिकेतला झगा दुसरीकडे दिसला की प्रेक्षक चोरी पकडल्यासारखं बोलतात. पण त्या काळी रेशीम महाग आणि शिलाई स्वस्त. चांगल्या घरांतही झगे उसवून नव्या पद्धतीने पुन्हा शिवत. आम्ही वेगळं काय करतो?

रेशमात सुईची भोकं बुजत नाहीत. कंबर वर घेतल्यावर ती आत दडली, पण झगा तेवढाच आखूड झाला. म्हणून खालची दुमड सोडली, तर घेराला गडद निळा पट्टा उमटला. चार वाजले होते. त्यावर फीत लावली, नुसत्या धावदोऱ्याने, पुढे सहज निघावी म्हणून. मॉडेल सडपातळ होती. ढिलं कापड पुढून चिमट्यांनी आवळा, फोटोत दिसणार नाही, असं फोटोग्राफरला सांगितलं.

दोन महिन्यांनी तोच झगा परत माझ्या टेबलावर. या वेळी कथा १८२५ ची, कंबर खाली हवी.

माया मी कापली नव्हती.