संरक्षण बजेटचा खरा हिशेब: टक्केवारी सोडा, हप्ते बघा

दरवर्षी 1 फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडून होतो न होतो तोच संरक्षणाचा एक मोठा आकडा बातम्यांमध्ये फिरू लागतो, आणि त्यावरून ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, जीडीपीच्या दोन टक्केही नाहीत, निदान तीन तरी हवेत. दुसरी म्हणते, एवढ्या पैशात किती शाळा आणि दवाखाने झाले असते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ज्या एकूण आकड्यावर हे भांडण चालतं, त्यावरून सैन्याच्या हातात नवं काय पडणार हे कळतच नाही. ते कळतं दोन ठिकाणी: आधी सह्या झालेल्या करारांच्या हप्त्यांमध्ये, आणि वर्ष संपता संपता बदललेल्या सुधारित अंदाजात.

उदाहरणासाठी 2025-26 चा अर्थसंकल्प घेऊ. संरक्षण मंत्रालयाला एकूण 6,81,210 कोटी रुपये दिले गेले. ही रक्कम संसदेपुढे चार वेगवेगळ्या मागण्यांमध्ये, म्हणजे खर्चाला मंजुरी मागणाऱ्या प्रस्तावांमध्ये येते, क्रमांक 19 ते 22. मागणी 19 मंत्रालयाच्या नागरी खर्चाची, 28,683 कोटी. सीमा रस्ते संघटना आणि तटरक्षक दल यातच आहेत. मागणी 20 सैन्यदलांच्या महसुली खर्चाची, म्हणजे पगार, रेशन, इंधन, दारूगोळा, दुरुस्ती आणि सुटे भाग: 3,11,732 कोटी. मागणी 21 भांडवली खर्चाची, 1,80,000 कोटी. मागणी 22 पेन्शनची, 1,60,795 कोटी. शेकड्यात सांगायचं तर महसुली सुमारे 46, भांडवली 26, पेन्शन 24 आणि उरलेले 4 नागरी.

भांडवली रकमेतही सगळा पैसा विमानं, तोफा, जहाजांचा नसतो. 1,80,000 कोटींपैकी आधुनिकीकरणाला 1,48,723 कोटी होते. बाकी 31,277 कोटी संशोधन आणि देशभरातल्या पायाभूत सुविधांसाठी. म्हणजे ज्या पावणेसात लाख कोटींची बातमी झाली, त्यातला नव्या शस्त्रास्त्रांचा वाटा जेमतेम 22 टक्के.

पेन्शनचं ओझं एवढं का, याचं कारण सैन्याच्या रचनेत आहे. जवान पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो, त्यामुळे त्याला पेन्शन मिळण्याची वर्षं अनेकदा नोकरीच्या वर्षांपेक्षा जास्त भरतात. त्यात 1 जुलै 2014 पासून 'वन रँक वन पेन्शन' (समान हुद्दा आणि सेवेला समान पेन्शन) लागू झालं, 2016 मध्ये सातवा वेतन आयोग आला, आणि दर पाच वर्षांनी पेन्शनची फेरआखणी ठरली, ती 2019 आणि 2024 मध्ये झाली. लाभार्थी 34 लाखांच्या वर आहेत आणि त्यांत संरक्षण खात्यातले निवृत्त नागरी कर्मचारीही मोजलेले असतात. हे पैसे वाया गेले असं मी अजिबात मानत नाही. साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, किंवा माण-खटावच्या कोरडवाहू पट्ट्यात, फौजेची पेन्शन हाच अनेक घरांचा बिनभरवशाच्या पावसावरचा उतारा आहे. पण हा हक्काचा खर्च आहे, दर वर्षी वाढणारच, आणि त्याची तरतूद झाल्यावरच बाकीच्यांचा नंबर लागतो, हे मान्य करून पुढचा हिशेब मांडायला हवा. आठव्या वेतन आयोगानंतर तर हा आकडा आणखी एक उडी घेईल.

इथे अग्निपथची चर्चा येते. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत चार वर्षांची सेवा, नंतर फक्त 25 टक्क्यांना कायम नोकरी, आणि बाकीच्यांना पेन्शनऐवजी सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी. पहिल्या वर्षी 30,000 रुपयांच्या मासिक पॅकेजमधून 9,000 कापले जातात आणि तेवढेच सरकार घालते. चार वर्षांत सरकारी वाटा माणशी साधारण 5 लाख होतो. 'पेन्शन वाचली' हे वाक्य मात्र घाईचं आहे. 2022 मध्ये जुन्या पद्धतीने भरती झालेला जवान पेन्शनीवर गेला असता तो 15 ते 17 वर्षांनी, म्हणजे 2037 च्या पुढे. तोवर पेन्शनच्या मागणीत या योजनेमुळे दिसण्याजोगी घट होणार नाही. उलट प्रशिक्षणाचा खर्च, जो पूर्वी पंधरा वर्षांच्या सेवेवर पसरायचा, तो आता चारपैकी तीन जवानांच्या बाबतीत चार वर्षांतच वसूल व्हायला हवा. आणि 2037 नंतर जे वाचेल ते शस्त्रखरेदीकडे वळेलच, असा कुठलाही नियम नाही. पेन्शन मागणी 22 मध्ये आहे, खरेदी 21 मध्ये; मधला पैसा अर्थ मंत्रालय कुठेही वळवू शकतं. अग्निपथच्या बाजूने किंवा विरोधात बोलणाऱ्या फार थोड्या लोकांनी हे वेळापत्रक मांडलंय, आणि माझ्या मते या वादातली ती सगळ्यात मोठी त्रुटी आहे.

आता हप्त्यांकडे. मोठ्या शस्त्रकराराचे पैसे बिल्डरला स्लॅबप्रमाणे देतो तसे जातात: सहीनंतर साधारण 15 टक्के आगाऊ, मग आराखडा मंजूर झाला, चाचणी झाली, पहिली तुकडी आली, अशा टप्प्यांवर बाकीचे. एका करारावर आठ-दहा वर्षं पैसे जात राहतात. त्यामुळे कोणत्याही वर्षाच्या आधुनिकीकरणाच्या रकमेतला मोठा भाग आधीच बांधलेला असतो. नव्या करारांना उरतो तो शिल्लक भाग, आणि कधी कधी शिल्लकही उणे असते. 2018 मध्ये लष्कराचे तत्कालीन उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी संसदेच्या स्थायी समितीपुढे हेच सांगितलं. लष्कराला आधुनिकीकरणासाठी 21,338 कोटी मिळाले होते, तर चालू असलेल्या 125 योजनांचीच बांधील देणी 29,033 कोटी होती. नवी खरेदी दूर, जुने हप्ते भरायलाही पैसे पुरत नव्हते. त्याच वेळी त्यांनी सांगितलं की लष्कराची 68 टक्के सामग्री जुनाट, 24 टक्के सध्याच्या पिढीची आणि फक्त 8 टक्के अत्याधुनिक आहे.

अशा वेळी ओढाताण कुठे होते? महसुली खर्चात पगाराला हात लावता येत नाही, म्हणून कात्री लागते दारूगोळा, सुटे भाग आणि सरावाच्या इंधनाला. कॅगच्या 2017 च्या अहवालात दारूगोळ्याची टंचाई दिसली: सप्टेंबर 2016 मध्ये 152 प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी 61 प्रकारांचा साठा दहा दिवसांच्याही लढाईला पुरणारा नव्हता, उद्दिष्ट 40 दिवसांचं असताना. दुसरं उदाहरण चीन सीमेसाठी 2013 मध्ये मंजूर झालेल्या माउंटन स्ट्राइक कोअरचं. सुमारे 90 हजार सैनिक, खर्च 65 हजार कोटींच्या घरात. त्यासाठी वेगळा पैसा मिळालाच नाही, आणि दुसऱ्या डिव्हिजनची उभारणी मध्येच थांबवावी लागली. घोषणा राजकीय पातळीवर झाली होती, तिचा हप्ता कुणाच्याच अंदाजपत्रकात नव्हता.

आता सुधारित अंदाज. 2024-25 मध्ये भांडवली तरतूद 1,72,000 कोटी होती. पुढच्या फेब्रुवारीत सुधारित अंदाज आला 1,59,500 कोटींचा, म्हणजे 12,500 कोटी कमी. म्हणून 2025-26 ची 1,80,000 ची तरतूद सुधारित अंदाजाशी ताडली तर जवळपास 13 टक्के वाढ दिसते, आणि मूळ अंदाजाशी ताडली तर 4.65 टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, म्हणून कोणत्या आकड्याशी तुलना केली हे वाचणाऱ्याने आधी विचारायचं. त्याच काळात पेन्शनची तरतूद मूळ अंदाजावरून जवळपास 14 टक्क्यांनी वाढली.

पैसे कमी पडतात अशी ओरड असताना पैसे परत कसे जातात? कारण हप्ता टप्प्याला बांधलेला असतो. उत्पादकाचा टप्पा हुकला की त्या वर्षीचं देणं होत नाही, आणि आपल्याकडे न खर्चलेली तरतूद 31 मार्चला रद्द होते. पुढच्या वर्षी तो हप्ता नव्या तरतुदीतून भरावा लागतो, म्हणजे पुढच्या वर्षाची नवी खरेदी मागे सरकते. यावर उपाय म्हणून वर्षअखेर रद्द न होणारा निधी काढण्याची कल्पना जुनी आहे. फेब्रुवारी 2004 च्या हंगामी अर्थसंकल्पात 25,000 कोटींच्या अशा निधीची घोषणा झाली होती. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी 2,38,354 कोटींचा आधुनिकीकरण निधी सुचवला. त्यातले 1,53,354 कोटी केंद्राच्या संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, आणि बाकी निर्गुंतवणूक व संरक्षण खात्याच्या जमिनींमधून यायचे होते. सरकारने तत्त्वतः मान्य केलं, पण निधी सुरू झाला नाही. अर्थ मंत्रालयाचा आक्षेप समजण्यासारखा आहे: पडून राहणाऱ्या पैशावर संसदेचं वार्षिक नियंत्रण सुटतं. मला वाटतं त्यावर तोडगा आहे. फक्त सही झालेल्या करारांचे हुकलेले हप्ते या निधीत जावेत, नव्या खरेदीला तो बंद असावा. म्हणजे नियंत्रणही राहील आणि मागणीही फुगणार नाही.

टप्पे का हुकतात, याची कारणं दर वेळी वेगळी असतात. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये स्कॉर्पीन वर्गाच्या सहा पाणबुड्यांचा करार ऑक्टोबर 2005 मधला, किंमत 18,798 कोटी, नंतर सुधारून 23,562 कोटी. पहिली पाणबुडी 2012 मध्ये यायची, 'कलवरी' नौदलात दाखल झाली डिसेंबर 2017 मध्ये. शेवटची 'वागशीर' जानेवारी 2025 मध्ये. पाणबुड्या आल्या, पण त्यांच्यासाठी निवडलेल्या इटालियन टॉर्पेडोची खरेदी ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टर खरेदीतल्या लाचखोरी प्रकरणानंतर 2016 मध्ये रद्द झाली, कारण उत्पादक त्याच उद्योगसमूहातला होता. हजारो कोटींची पाणबुडी जुन्या टॉर्पेडोवर चालवावी लागली. भ्रष्टाचाराला शिक्षा हवीच, पण संपूर्ण समूहावर बंदी घालण्याची किंमत कोण मोजतं, हेही मांडायला हवं.

तेजस मार्क-1ए चं वेगळंच. 83 विमानांचा करार फेब्रुवारी 2021 चा, पुरवठा 2024 च्या सुरुवातीपासून अपेक्षित. अमेरिकेच्या जीई कंपनीकडून एफ-404 इंजिनं वेळेवर आली नाहीत. पहिलं इंजिन मार्च 2025 अखेरीस मिळालं. दरम्यान 26 सप्टेंबर 2025 ला मिग-21 निवृत्त झालं आणि लढाऊ विमानांच्या तुकड्या (स्क्वाड्रन) 42 च्या मंजूर संख्येवरून 29 वर आल्या. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या सरकारी संरक्षण प्रयोगशाळेने आखलेल्या अटॅग्ज तोफेचा प्रकल्प 2013 मध्ये सुरू झाला. 307 तोफांचा करार भारत फोर्ज आणि टाटा यांच्याशी झाला मार्च 2025 मध्ये, सुमारे 6,900 कोटींचा. तोफ चांगली आहे, देशी आहे, पण आराखड्यापासून सहीपर्यंतच बारा वर्षं गेली.

देशी खरेदीचा आकडाही नीट वाचावा लागतो. 2025-26 मध्ये आधुनिकीकरणाच्या 75 टक्के, म्हणजे 1,11,544 कोटी, देशातल्या उत्पादकांसाठी राखले होते. हे योग्य धोरण आहे. अंबरनाथ, खडकी, वरणगाव, भंडारा, भद्रावतीच्या ऑर्डनन्स कारखान्यांपासून नागपूरच्या खासगी स्फोटक उद्योगापर्यंत त्याचा फायदा दिसतो. फेब्रुवारी 2025 मधले पिनाका रॉकेटचे 10,147 कोटींचे करार असेच नागपूर आणि पुण्याच्या कंपन्यांना मिळाले. पण देशी कंपनीला दिलेला रुपया सगळा देशात राहत नाही. 2020 च्या खरेदी नियमांनुसार स्वदेशी आराखड्याच्या वस्तूंच्या सर्वोच्च खरेदी-वर्गातही देशी घटकांची किमान अट 50 टक्के आहे. सप्टेंबर 2025 मध्ये मागवलेल्या 97 तेजसमध्ये देशी वाटा 64 टक्क्यांवर आहे, आणि इंजिन परकीयच. या आयात भागावर रुपया घसरल्याचा थेट फटका बसतो. 2018 च्या सुरुवातीला 1 अब्ज डॉलर म्हणजे साधारण 6,400 कोटी रुपये होते. 85 च्या दराने तेच 8,500 कोटी. एकही जादा सुटा भाग न मिळता तिसरा हिस्सा खर्च वाढला.

आता तीन टक्क्यांचा हिशेब. 2025-26 साठी गृहीत जीडीपी सुमारे 357 लाख कोटी होता. 6.81 लाख कोटी म्हणजे 1.9 टक्के, पेन्शन वगळली तर 1.46 टक्के. तीन टक्के म्हणजे 10.7 लाख कोटी, फरक 3.9 लाख कोटींचा. त्या वर्षी केंद्राचा निव्वळ करमहसूल 28.37 लाख कोटी अंदाजला होता आणि त्यातले 12.76 लाख कोटी व्याजातच जायचे. रोजगार हमीची तरतूद 86,000 कोटी. म्हणजे हा फरक साडेचार रोजगार हमी योजनांएवढा. तो एका वर्षात उभा करणं अशक्य आहे, आणि केला तरी आजच्या खरेदीप्रक्रियेला तो वेळेत खर्चता येणार नाही. याउलट भांडवली तरतुदीत दर वर्षी मूळ अंदाजावर 12 ते 15 टक्के वाढ, पाच वर्षं आधी जाहीर करून, पाळली गेली तर उत्पादकांना यंत्रं आणि माणसं वाढवायला आधार मिळेल. माझा कौल त्याला आहे.

आणखी एक सवय लावून घेण्यासारखी आहे. 'एक लाख कोटींच्या खरेदीला मंजुरी' अशी बातमी आली की ती संरक्षण खरेदी परिषदेची आवश्यकता-मान्यता असते, म्हणजे ही वस्तू हवी आहे एवढीच संमती. त्यानंतर निविदा, तांत्रिक छाननी, मैदानी चाचण्या, किंमतीची वाटाघाटी, मोठ्या रकमांसाठी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची संमती, आणि मग सही. त्या दिवशी एकही रुपया खर्च झालेला नसतो. खरी माहिती हवी असेल तर संरक्षणविषयक स्थायी समितीचे अनुदानाच्या मागण्यांवरचे अहवाल उघडा. लोकसभेत या मागण्या बरेचदा चर्चेविना मंजूर होतात. समितीत मात्र प्रत्येक दलाने किती मागितले, किती मिळाले आणि किती खर्चले हे तक्त्यात शेजारी शेजारी असतं. वाचायची सुरुवात त्या तक्त्यापासून करावी.