'काळ', 'काल' आणि चार आवाज

पुण्यात अमराठी प्रौढांना मराठी शिकवण्याचे काम मी करते. वर्गातील बहुतेकांची मातृभाषा हिंदी असल्याने 'ल' आणि 'ळ' यांतील फरक त्यांच्या कानी बसवायला मोठे कष्ट पडतात. त्या दिवशी 'वेळ-वेल', 'काळ-काल', 'गाळ-गाल' अशा जोड्यांचे श्रुतलेखन होते. माझा घसा बसल्यामुळे शब्द सांगायला सहकारी शिक्षिका आल्या. त्यांचे उच्चार स्वच्छ आहेत, तरीही माझ्या तोंडून हेच शब्द ऐकून बिनचूक लिहिणारी मंडळी त्यांच्यापुढे चाचपडू लागली. 'ळ' त्यांना येत होता, पण तो माझ्या आवाजापुरताच.

बँकेत नोकरी करणारे एक विद्यार्थी तेव्हा म्हणाले, "मॅडम, हिंदी बोलणारा ग्राहक मी फोनवर दोन शब्दांत ओळखतो. बचत गटाच्या ताई मराठीत बोलल्या की सगळ्यांचे आवाज सारखेच वाटतात." वर्गाला ही तक्रार वेगळी वाटली, मला मात्र दोन्ही अडचणींचे मूळ एकच दिसले.

माणसाचा आवाज केवळ पट्टीवरून ओळखू येत नाही. ठरावीक ध्वनी तो आपल्या सवयीने कसा काढतो, यावरूनही येतो, आणि ती सवय टिपायची तर मुळात तो ध्वनी कानाला नीट माहीत असावा लागतो. 2011 साली 'सायन्स' या नियतकालिकात टायलर पेराकिओनी व सहकाऱ्यांनी दाखवले, की इंग्रजी भाषकांना चिनीपेक्षा इंग्रजी बोलणाऱ्यांचे आवाज चांगले ओळखता येतात. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकताना येणारी विशिष्ट अडचण, असलेल्यांना मात्र मातृभाषेचा हा फायदा मिळत नाही. त्याआधी 1990च्या दशकाच्या आरंभी इंडियाना विद्यापीठातील डेव्हिड पिसोनी आणि सहकाऱ्यांनी जपानी भाषकांना इंग्रजीतील 'र' आणि 'ल' शिकवून पाहिले होते. एकाच वक्त्याचा आवाज ऐकून शिकलेल्यांना नव्या वक्त्याच्या तोंडी तो भेद नीट पकडता आला नाही. अनेकांचे आवाज ऐकलेल्यांना तो जमला. माझ्यासमोर त्या सकाळी नेमके हेच घडत होते.

मग तास तसाच पुढे रेटण्याऐवजी मी ग्रंथपाल बाई, शिपाईकाका, कार्यालयातील लेखनिक ताई आणि त्या सहकारी शिक्षिका अशा चौघांचे शब्द मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले. प्रत्येक शब्दाला वर्गाने दोन उत्तरे द्यायची होती: शब्द कोणता आणि बोलले कोण. सुरुवातीला दोन्ही उत्तरे चुकत होती. ध्वनिफीत पुन्हा पुन्हा लावल्यावर बँकेतील विद्यार्थी एकदम थांबून म्हणाले, "या ग्रंथपाल बाई. 'ळ' म्हणताना यांची जीभ टाळूवर जरा जास्त रेंगाळते." 'वेळ' हा शब्दही त्यांनी बरोबर लिहिला होता. शिक्षिका आणि लेखनिक ताई यांच्यात त्यांची गल्लत तासाच्या अखेरपर्यंत होतच राहिली, पण 'काळ-काल'चा घोळ बराच कमी झाला.

तेव्हापासून श्रुतलेखन फक्त माझ्या आवाजात होत नाही. पुढचा धडा 'चाक' आणि 'चहा' यांतील दोन 'च'चा होता. तोही आम्ही त्याच चौघांच्या तोंडून ऐकवला.