तुम्ही विचारलंत म्हणून: कॅनव्हास सोडून बारदानच का?

कॅनव्हास परवडत असताना मी शेतकरी आंदोलनावरची कामे बारदानावर, जुन्या धोतरांवर आणि चपला शिवून का करते, असे सांगलीत मला जवळजवळ प्रत्येक प्रदर्शनात विचारले जाते. लक्ष वेधण्याचा हा प्रकार असावा, असे विचारणाऱ्याने बहुधा आधीच ठरवलेले असते. तसे नाही. हळदीचे पोते उसवून ताणले की विणीत बसलेली पूड बोटांना लागते, आणि त्या हळदीच्या भावाविषयी बोलताना ट्यूबमधला पिवळा रंग वापरणे मला खोटे वाटते.

चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसे बेपत्ता झाली, त्या बायकांनी बारदानावर चिंध्या शिवून आपली हकिकत मांडली, कधी बेपत्ता माणसाच्याच कपड्यांचे तुकडे लावून. त्या कामांना आर्पियेरा म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थच बारदान. हा दाखला मी पूर्वी फार ठामपणे देत असे.

मग ती चपलेची गोष्ट घडली. ऊसदराच्या रास्ता रोकोत लाठीमार झाला, त्या संध्याकाळी रस्त्यावर राहिलेल्या चपला मी पोत्यात भरून आणल्या आणि दाभणाने बारदानावर शिवल्या. प्रदर्शनात एक वयस्कर शेतकरी एका चपलेपुढे बराच वेळ उभे राहिले. तिचा तुटका अंगठा तांब्याच्या तारेने आवळलेला होता. "पोरी, ही माझी हाय. दुसरी घरात पडलीया. पंपाच्या जळल्या मोटारीची तार काढून बांधलीया मी," ते म्हणाले. मी म्हणाले, "आजोबा, काम पूर्ण झालंय, आता उसवता येणार नाही. नव्या जोडाचे पैसे देते." पैसे न घेता ते निघून गेले.

मी उचलल्या नसत्या तर त्या चपला कचऱ्यात गेल्या असत्या, असे तेव्हा मी स्वतःला समजावले, आणि ते आजही खरे आहे. पण चिलीतल्या त्या बायकांनी आपल्या घरातले कापड शिवले होते. मी दुसऱ्याची वस्तू, तो समोर उभा असताना, माझी म्हणून राखली. आता मी आधी विचारते. विचारले की लोक धोतर धुऊन, घडी घालून देतात, आणि मला हवी असलेली रस्त्यावरची धूळ त्यातून गेलेली असते. तरीही विचारावेच, असे मला वाटते. काम त्याने दुबळे होते, हेही दिसते.

ती चप्पल मी नंतर उसवली. बारदानावर तिच्या जागी दाभणाची भोके आहेत. त्या आजोबांचे गाव विचारायचे मात्र त्या दिवशी राहून गेले.