आधी घरं, मग चर्च : निसर्ग वादळानंतरचा एक दिवस

3 जून 2020 ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरच्या आसपास किनाऱ्याला लागलं. वारा ताशी 110 किमीच्या आसपास, झटके त्याहून जास्त. आधीच लॉकडाऊन, त्यात लाईट गेली, मोबाईलला रेंज नाही, नारळ-सुपारीच्या बागा आडव्या. मी सिव्हिल इंजिनियर, अलिबाग-मुरूड भागात जुन्या कौलारू घरांची दुरुस्ती हेच माझं मुख्य काम, त्यामुळे त्या जूनमध्ये दिवसभर नुसतं लोकांच्या छपरांवर चढणं-उतरणं चाललेलं. त्यातला एक दिवस लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं.

रेवदंड्याचा पूल ओलांडून मुरूडच्या रस्त्याला लागलं की समुद्राकडेला जी गावं आहेत त्यातल्या एका गावातलं चर्च. गावाचं नाव लिहीत नाही. फादरांचा निरोप आला की चर्चचं अर्धं छप्पर गेलंय, येऊन बघा आणि खर्चाचा अंदाज द्या, पैशाची थोडी सोय झालीये. सोय म्हणजे काय तर गावातली बरीच पोरं जहाजावर कामाला, जी लॉकडाऊनमुळे बाहेर अडकली होती त्यांनी तिकडून पैसे पाठवलेले, खास चर्चसाठी म्हणून.

गेलो तर चर्चच्या अंगणात कौलांचे ढीग आणि एक टेम्पो उभा. मला वाटलं नवीन माल उतरतोय. जवळ जाऊन बघतो तर माल उतरत नव्हता, चढत होता. चर्चच्या उडालेल्या अर्ध्या छपराची जी कौलं शाबूत राहिली होती ती गोळा करून गावातल्या घरांवर पाठवत होते. वासे पण, रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या) पण, आणि चर्चच्या पैशातून आणलेल्या ताडपत्र्या पण.

मी फादरांना विचारलं, हे काय चाललंय. ते म्हणाले, "रविवारी सगळे बाहेर अंगणात जमले, लांब लांब उभे राहून बोलले आणि ठरवलं. गावातलं शेवटचं घर झाकलं जाईपर्यंत चर्चवर एक कौल चढवायचं नाही. मी फक्त हो म्हटलं." शेवटचं घर म्हणजे फक्त चर्चच्या लोकांचं नाही हं, कोळीवाड्यातली घरं पण यादीत होती. यादी एका वहीत लिहिलेली, वर आधी म्हाताऱ्या आणि एकट्या राहणाऱ्या बायका, मग लहान पोरं असलेली घरं, आणि जहाजावरून पैसे पाठवणाऱ्यांची स्वतःची घरं साफ खाली. सरकारने पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख जाहीर केले होते पण पंचनामा होऊन ते खात्यात येईपर्यंत पाऊस थोडाच थांबणार होता.

अंगणात एक आजी पाटावर बसल्या होत्या, तोंडाला पदर बांधलेला, समोर कौलांची रास. एक एक कौल डाव्या हातात उभं धरायचं आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने टक् करून वाजवायचं. खणखणीत वाजलं की उजवीकडे, बद्द वाजलं की डावीकडे. बद्द म्हणजे आत चीर आहे, डोळ्याला दिसत नाही पण पावसात फुटणार. मी एक डावीकडचं उचलून उन्हात फिरवून फिरवून बघितलं, मला काही दिसेना. त्या म्हणाल्या, "ठेव रे बाबा ते तिकडेच, गेलंय ते." पाणी ओतून बघितलं तर मागच्या बाजूला केसाएवढी ओली रेघ उमटली. बाजूला कोर्लईहून मदतीला आलेल्या बायका आपसात त्यांच्या त्या पोर्तुगीज-मराठी मिसळलेल्या भाषेत बोलत कौलं पुसत होत्या. कौलांच्या पोटाला बाझेल मिशनचा छाप होता. मंगळूरला या मिशनने 1865 मध्ये कारखाना काढला, तिथूनच मंगलोरी कौल सगळ्या किनाऱ्यावर पसरलं. प्रोटेस्टंट मिशनचं कौल कॅथलिक चर्चवर चढलं आणि आता कोळ्याच्या घरावर चाललं होतं. मला ते बघून फार भरून आलं, खरंच सांगतो.

मग मी आत गेलो, कारण माझं काम तर करायचंच होतं. छप्पर का गेलं हे कळल्याशिवाय नवीन घालण्यात अर्थ नसतो. इमारतीचं आढं, म्हणजे छपराची सगळ्यात वरची कड, पूर्व-पश्चिम, म्हणजे छपराचं एक उतरतं पाखं उत्तरेला आणि एक दक्षिणेला. उत्तरेकडचा बाजूचा दरवाजा बिजागरीसकट आत येऊन पडला होता, आणि उडालेलं पाखं मात्र दक्षिणेचं. लोकांना हे कोडं वाटत होतं की वारा उत्तरेचा आणि गेलं दक्षिणेचं कसं. तर होतं असं की दरवाजा फुटला की वारा आत शिरतो आणि छपराला खालून ढकलतो, आणि त्याचवेळी वाऱ्याच्या पाठीमागच्या पाखावर बाहेरून ओढ बसते, म्हणजे खालून धक्का आणि वरून ओढ दोन्ही एकदम. ढोबळ हिशेब सांगतो, 110 किमीच्या वाऱ्याचा जोर एका चौरस मीटरला पंचावन्न-साठ किलोच्या घरात जातो आणि तेवढ्या जागेत मंगलोरी कौलं बसतात साधारण पंधरा, त्यांचं वजन चाळीसच्या आतच. नुसत्या वजनावर ठेवलेलं कौल राहणार कसं.

आणि मंगलोरी कौलाच्या पोटाला भोक असलेली एक छोटी नाकी असते, ती तार ओवून रिपेला बांधण्यासाठीच दिलेली असते. आपल्याकडे ती तार कोणी बांधत नाही. मी इतक्या घरांवर चढलो, कुठेच दिसली नाही.

सागवानी कैच्या, म्हणजे छपराचा भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे, मात्र उत्तम होत्या. आमचे सुतारकाका शिडीवर चढून प्रत्येक जोडावर हातोडी मारत गेले, फक्त भिंतीवर टेकणारे वाशांचे पाय कुजले होते, वळचणीला, म्हणजे छपराच्या खालच्या कडेला, वर्षानुवर्ष पाणी मुरून. तिथे नुसते खिळे, भिंतीला पकड काहीच नाही. मी लिहून दिलं की चिऱ्याच्या भिंतीवर सिमेंट काँक्रीटचा पट्टा ओता, त्यात बोल्ट पुरा, प्रत्येक कैची लोखंडी पट्टीने त्याला बांधा, आणि वळचण, कडा आणि आढ्याजवळची सगळी कौलं तारेने बांधा. जहाजावरून परत आलेला एक जण म्हणाला, "साहेब, पत्रा टाकून मोकळं होऊया ना, स्वस्त पडेल." तर त्या कौल वाजवणाऱ्या आजी अंगणातूनच ओरडल्या, "पत्र्याखाली पावसात फादरचं एक अक्षर ऐकू येईल का रे तुला?" विषय संपला. माझंही मत तेच होतं, उकाड्यासाठी पण.

निघताना मी फीचं काही बोललो नाही, आणि त्यांनी मला यादी लिहिलेली वही दिली, म्हणाले यातल्या कुठल्या घराची भिंत धोक्याची आहे तेवढं बघून जा. मग संध्याकाळपर्यंत घरंच बघत फिरलो. तीन-चार घरात मी लोकांना स्पष्ट सांगितलं की आज रात्री इथे झोपू नका.

यादी संपायला ऑक्टोबर उजाडला. 16 नोव्हेंबरला राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली तेव्हा काँक्रीटचा पट्टा झाला होता पण दक्षिणेचं पाखं अजून ताडपत्रीखालीच होतं, मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) तशीच झाली. घरांवर गेलेली कौलं परत मागायची नाहीत हे ठरलेलं होतं, म्हणून नवीन आणली. त्यामुळे एक पाखं काळपट आणि एक लालभडक.

पुढच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं. चर्चची तारेने बांधलेली कौलं सगळी जागच्या जागी, मधली न बांधलेली दोन-चार सरकली. त्याच आठवड्यात कोळीवाड्यातल्या पोरांचा फोन आला की साहेब ती तार कुठली वापरली, किती गेजची, आम्हाला घरांना बांधायची आहे. मी सांगितलं, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार) नको, खाऱ्या हवेत गंजून जाईल, तांब्याची घ्या, आणि सुरुवात वळचणीपासून करा.